समुद्रातल्या कुत्र्याच्या छत्र्या: मशरूम कोरलवाल्यांनी इथे जमावे

खारा वारा (एडिसन, न्यू जर्सी)

मागच्या आठवड्यात माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा फोटो टाकला होता, त्यावर चौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की ती निळ्या ठिपक्यांची लाल चकती कसली. चौघांना चारदा लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो.

ते मशरूम कोरल. आई इथे आली होती तेव्हा तिने चष्मा पुसून पुसून टाकीत पाहिलं आणि म्हणाली, "एवढे डॉलर मोजून कुत्र्याच्या छत्र्या आणल्यास?" तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं हेच नाव.

टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. आठ वर्षांपूर्वी सुरू केली तेव्हा डोक्यात अ‍ॅक्रोपोरा होते, ते हरणाच्या शिंगांसारखे फांद्यांचे दगडी प्रवाळ. जोरदार दिवे, महागडा स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), रोजची अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेटची) टेस्ट, सगळं केलं. मग एका वादळात दोन दिवस वीज गेली. बॅटरीवरचा एअरपंप पहिल्या रात्रीच संपला. तिसऱ्या दिवशी बेसमेंटचं दार उघडलं तेव्हा जो वास आला तो कोळीवाड्यात वाढलेल्या माणसालाही सोसला नसता. मासे गेले, अ‍ॅक्रोपोरा पांढरे पडले. टाकी विकायला काढली. गिऱ्हाईक येईना म्हणून दगड तसेच पाण्यात राहिले, पंप चालू राहिला.

दोन महिन्यांनी एक दगड फिरवला तर मागच्या अंधाऱ्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी विटकरी चकती. मधोमध तोंडाची बारीक चीर. ती कुठल्या तरी दगडाबरोबर फुकट आली असणार. मी तिच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. आज तिची सोळा पोरं आहेत आणि टाकीत एकही अ‍ॅक्रोपोरा नाही.

ओळख थोडक्यात. ही खरी दगडी प्रवाळं नव्हेत, यांना सांगाडा नसतो. नुसतं मांस, एक तोंड आणि खाली चिकटायला पाय. हौशी लोकांत तीन घराणी चालतात. डिस्कोसोमा: गुळगुळीत किंवा रेघांची, ठिपक्यांची चकती. सगळ्यांत चिवट, नवशिक्याने हीच घ्यावी. रोडॅक्टिस: अंगावर मस आल्यासारखी, काहींना झिपऱ्या. आणि रिकॉर्डिया: भिजलेला साबुदाणा बशीत पसरावा तशी, फक्त प्रत्येक दाणा नारंगी नाहीतर पोपटी. रिकॉर्डियात पुन्हा दोन. फ्लोरिडा आणि कॅरिबियनमधली फ्लोरिडा, आणि हिंदी-प्रशांत महासागरातली युमा. युमाच्या तोंडाच्या उंचवट्यावरही दाणे असतात, फ्लोरिडाचं तोंड सहसा उघडं असतं. युमा नाजूक. माझ्याकडे तीन आल्या आणि तीनही शेंबूड होऊन विरघळल्या. आता घेत नाही.

त्यापलीकडे 'बाउन्स' नावाचं एक खूळ आहे. रोडॅक्टिसच्या अंगावर द्राक्षांसारखे फुगे येतात. नखाएवढं पिल्लू शेकडो डॉलरला जातं. मी घेतलेलं नाही. बायको हा धागा वाचते.

आता माझी सगळ्यांत मोठी चूक. छत्र्या आल्यावर दुसऱ्या वर्षी पाणी स्वच्छ ठेवायचा चंग बांधला. फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी रिअ‍ॅक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरतं त्या नळकांड्यात) घातली, नायट्रेट शून्यावर आणलं. चाचणीची नळी पारदर्शक बघून मी खूश. तीन आठवड्यांत तळहाताएवढ्या चकत्या शर्टाच्या बटणाएवढ्या झाल्या. मला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून दिवा वाढवला. मग उरलेल्यांनीही कडा आत वळवल्या. या प्राण्याला थोडं मळकं पाणी लागतं. आज माझं नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट ०.०५ ते ०.१, खारटपणा हजारी ३५, तापमान २५-२६ सेल्सिअस, अल्कलिनिटी ८ ते ९. उजेड ५० ते ८० पार (PAR, शेवाळाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे टाकीच्या तळाशी, कडेला, सावलीत. वेव्हमेकरची (लाटा करणाऱ्या पंपाची) थेट धार नको. चकतीची कड हलकेच डोलली पाहिजे. सुकत घातलेल्या रुमालासारखी फडफडायला लागली तर प्रवाह जास्त.

बाकी माझ्याकडे अकरा रंग झालेत. तुमच्याकडचे सांगा. शंकाही विचारा, जमेल तसं सांगेन.

निळी शाई

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). तुमच्या आईंना दंडवत!

वाळवंटातला डोंबिवलीकर (शारजा)

बरं झालं धागा काढलात. माझी शंका अगदी ताजी आहे. दहा दिवसांपूर्वी हिरवा रोडॅक्टिस आणला. दुकानदाराने प्लास्टिकच्या चकतीवर चिकटवून दिला होता. चौथ्या दिवशी चकती रिकामी. शोध शोध शोधलं, शेवटी पंपाच्या जाळीला पोट लावून बसलेला सापडला. काढून दगडावर ठेवला, सकाळी पुन्हा गायब. सुपरग्लू लावला तर तासाभरात चिकाची पिशवी सोडून साहेब मोकळे. हा मरतोय की माझ्यावर चिडलाय?

खारा वारा

@डोंबिवलीकर, मरत नाहीये, घर बदलतोय. जागा पसंत पडली नाही की मशरूम पाय सोडतं आणि जाईल तिकडे वाहतं. सुपरग्लूचा नाद सोडा. त्याच्या अंगावर चिकट श्लेष्म असतो, गोंद श्लेष्माला धरतो, मांसाला नाही.

एक उथळ प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला दगडाचा नाहीतर शिंपल्यांचा चुरा पसरा. मशरूम त्यावर सोडा, तोंड वर. डब्यावर जाळीचं कापड रबरबँडने ताणून बांधा आणि डबा टाकीत तळाशी, सावलीत ठेवा. दोन आठवडे हात लावायचा नाही. रोज उघडून बघायचं नाही. हे दुसरं जास्त कठीण आहे.

आणि ज्या चकतीवरून तो सुटला ती फेकू नका. पायाचा चिमूटभर तुकडा तिथे राहिला असेल तर महिन्याभरात त्यातून पिल्लू येईल.

वाळवंटातला डोंबिवलीकर

पंपाच्या जाळीने पोटाला थोडं फाटलंय. आतून पांढरे दोरे बाहेर आलेत. चालेल?

खारा वारा

चालेल. ते दोरे त्याच्या पोटातले पचनाचे तंतू. बिथरला की बाहेर काढतो. एखाद-दोन दिवसांत आत घेईल. पाणी पांढुरकं होऊन अंडं सडल्यासारखा वास आला तरच काढा. तिथलं पाणी किती तापतं? उन्हाळ्यात एसी बंद करून बाहेर जाता का?

वाळवंटातला डोंबिवलीकर

एसी बंद करायची बायकोची हिंमत नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आहे, २६ वर ठेवतो. डबा: श्रीखंडाचा. जाळी: गावाहून आणलेल्या मच्छरदाणीचा कोपरा. आईला कळलं तर माझं काही खरं नाही.

पेशीवाली (पुणे)

मी हौशी नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत मी रोज ज्या लाल रंगाने पेशी बघते तो तुमच्या त्या विटकरी चकतीच्या भावंडाकडून आलाय!

१९९९ मध्ये रशियातल्या संशोधकांच्या गटाने डिस्कोसोमामधून लाल चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. त्याचं नाव 'डीएसरेड'; त्यातलं डीएस म्हणजे डिस्कोसोमाच. त्याआधी जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन होतं, पण एकाच पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवायच्या तर दुसरा रंग हवा होता. डीएसरेडची दोन दुखणी होती. त्याचे चार रेणू एकमेकांना बिलगून राहायचे आणि रंग चढायला वेळ लागायचा. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने त्यात फेरफार करून सुटे रेणू बनवले आणि त्यांना फळांची नावं दिली: एमचेरी, एमस्ट्रॉबेरी, एमऑरेंज. एमचेरी माझ्या फ्रिजमध्ये आत्ता आहे. हिरव्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि ते कामाला लावल्याबद्दल २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं.

म्हणजे निळ्या दिव्याखाली तुमची चकती पेटल्यासारखी दिसते आणि मायक्रोस्कोपखाली माझी पेशी पेटते, त्यामागची करामत एकच. आखूड लहरीचा उजेड शोषायचा आणि लांब लहरीचा, म्हणजे लालसर, सोडायचा.

खारा वारा

@पेशीवाली, आता हे आईला सांगतो. "तुझ्या कुत्र्याच्या छत्र्या पुण्याच्या लॅबच्या फ्रिजमध्ये आहेत."

तुमच्या शेवटच्या वाक्यावरून हौशी लोकांच्या कामाची गोष्ट. विक्रेते फोटो निव्वळ निळ्या दिव्याखाली काढतात, वरून रंग चढवतात. तोच नग घरी पांढऱ्या उजेडात चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. तो तपकिरी रंग तिच्या आत राहणाऱ्या शेवाळाचा. तेच तिला बरंचसं अन्न पुरवतं. घेण्याआधी पांढऱ्या दिव्यातला फोटो मागा. आढेवेढे घेतले तर समजून जा. माझ्या अकरापैकी दोन रंग असेच 'फोटोत' आहेत.

बटाटेवडा (ठाणे)

काका, मला पण हवंय! कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला मिळेल का? एकाने इन्स्टावर 'मशरूम विथ लाइव्ह रॉक' टाकलंय, स्वस्तात देतोय.

फणसाचे गरे (मालवण)

रे बाबांनू, कायव करा पण आमच्या किल्ल्याकडचो दगड उचलू नकात.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला नेतो. इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. दर सीझनला कोणीतरी ओठात तोंडनळी आणि मुठीत प्रवाळाचा तुकडा घेऊन वर येतो. "मेलेला आहे हो." मेलेला असला तरी ठेव खाली. त्या मेलेल्यावरच पुढचं बसतं.

वकिली किडा

@बटाटेवडा, थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने मांडल्या, पण प्रवाळं पहिलीतच राहिली. शिक्षा ३ ते ७ वर्षं.

आता मेख. मशरूम हे वर्गीकरणात दगडी प्रवाळ नाही. त्यामुळे 'मशरूम चालतं' असं दुकानदार छातीठोक सांगतात. पण ते ज्यावर चिकटून येतं तो 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा, आणि सांगाडाही या कायद्यात येतो. छत्री सुटली तरी दगडाने अडकाल. शिवाय परदेशातून आलेला जिवंत प्राणी म्हटल्यावर आयातीची कागदपत्रं हवीत. इन्स्टावाल्याकडे ती मागा आणि काय उत्तर येतं ते इथे टाका. करमणूक होईल.

बटाटेवडा

मागितली. ब्लॉक केलं त्याने. गोड्या पाण्यातल्या कोळंब्या पाळतो आता.

समुद्रफेन (पर्थ)

खारा वारा यांचं बरंचसं पटलं, पण 'मशरूम म्हणजे निरुपद्रवी' असा सूर लागलाय तो पटला नाही. दोन गोष्टी सांगते.

पहिली घरची. हत्तीकान नावाचं एक मोठं मशरूम असतं, अँप्लेक्सिडिस्कस. जेवणाच्या ताटाएवढं वाढतं. आमच्या ऑसेलॅरिसच्या (नारंगी-पांढऱ्या क्लाउनफिशच्या) जोडीने त्यालाच समुद्रफूल समजून त्यात घर केलं. आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढले. एके संध्याकाळी बघते तर ताटाच्या कडा वर येऊन बटव्यासारख्या आवळल्या गेल्या होत्या, मधे कैरीच्या देठाएवढं भोक. मला वाटलं झोपलंय. सकाळी बटवा उघडला आणि जोडीतला धाकटा नव्हता. ते मासे असेच धरतं. मासा आत शिरला की हळूहळू तोंड आवळतं, झटका नाही की काही नाही.

दुसरी समुद्रातली. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाचं कंकणद्वीप आहे, माणसाची वस्ती जवळजवळ नाही. १९९१ मध्ये तिथल्या प्रवाळावर एक मासेमारी जहाज रुतलं आणि तसंच गंजत राहिलं. काही वर्षांत त्याच्या भोवती रोडॅक्टिसचा गालिचा पसरला. जहाजाजवळ सगळ्यांत दाट, लांब जावं तसा विरळ. नांगराच्या बोयांच्या लोखंडी साखळ्यांभोवतीही तेच दिसलं. संशोधकांचा संशय लोखंडावर होता. गंजातून झिरपणारं लोह त्या पाण्यात एरवी फार कमी. दगडी प्रवाळ खाली गुदमरले. शेवटी २०१३ मध्ये जहाज तोडून बाहेर काढलं.

म्हणून टाकीत रोडॅक्टिस ठेवायचा तर सुट्या दगडावर, वाळूच्या मधोमध बेटासारखा. वाळू ओलांडून तो सहसा जात नाही. मुख्य दगडावर बसला की पुढची पाच वर्षं त्याला खरवडण्यात जातात.

खारा वारा

@समुद्रफेन, मान्य. माझा 'निरुपद्रवी' हा सूर डिस्कोसोमाच्या प्रेमातून आला. हत्तीकानाबद्दल ऐकून होतो, पण बटव्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. आणि पाल्मायरा वाचल्यावर फॉस्फेटची ती लोहाची भुकटी आठवली. लोहाने तिथे रान माजलं आणि माझ्याकडे बटणं झाली! अर्थात माझ्या भुकटीने पाण्यातलं अन्न काढून घेतलं, गंजाने तिथे भर घातली. तेच लोखंड, काम उलटं.

वर्गातला शेवटचा बाक

मशरूम आधीपासूनच बिनसांगाड्याचं, की होता तो सांगाडा टाकला? की हा धाग्याचा काश्मीर करतोय (विषय भरकटवतोय) मी?

पेशीवाली

काश्मीर नाही, चांगला प्रश्न आहे. २००६ मध्ये एका गटाने मांडलं होतं की मशरूम म्हणजे सांगाडा गमावलेली दगडी प्रवाळंच. पाणी आम्ल झालं तेव्हा त्यांनी घर सोडलं असावं. कल्पना मोहक होती. २०१४ च्या सुमाराला जास्त जनुकं तपासल्यावर ती टिकली नाही. दगडी प्रवाळांचं कुळ वेगळं, मशरूमचं वेगळं. सख्खी भावंडं म्हणा, पण एकाने दुसऱ्याच्या घरातून पळ काढलेला नाही.

निळी शाई

कापून वाढवतात म्हणे? किळस नाही वाटत?

खारा वारा

पहिल्यांदा वाटली. आता भाजी चिरल्यासारखं होतं.

नवीन ब्लेड, हातमोजे आणि डोळ्याला चष्मा. चष्मा विसरू नका, फुगलेलं मशरूम दाबलं की पिचकारी उडते. टाकीतलंच पाणी एका भांड्यात घ्यायचं. मशरूम पायासकट काढून ओल्या फळीवर ठेवलं की ते जर्दाळूएवढं आकसतं. मग तोंडाच्या मधून एकच काप, दोन्ही भागांना तोंडाचा अर्धा तुकडा मिळेल असा. तोंडाचा तुकडा आला नाही तरी बऱ्याचदा जगतं, पण वेळ लागतो. करवतीसारखं पुढे-मागे करायचं नाही. दोन्ही अर्धे भांड्यात हलवून चीक धुवायचा आणि डोंबिवलीकरांच्या श्रीखंडाच्या डब्यात. आठवड्यात कापलेली कड आत वळते आणि चंद्रकोर गोल व्हायला लागते.

घाई नसेल तर कापूच नका. ते स्वतःच दोन तोंडं करून मधून दुभंगतं, किंवा सरकताना पायाचा तुकडा मागे ठेवत जातं. माझ्या सोळांपैकी चारच ब्लेडची, बाकीची त्याची स्वतःची.

एक इशारा: हे सगळं मशरूमबद्दल. झोअँथिड नावाचे बटणासारखे जीव शेजारच्याच ट्रेमध्ये विकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते कापणं, कोरडं खरवडणं आणि मुख्य म्हणजे तो दगड गरम पाण्यात उकळणं, अजिबात नाही. वाफेने अख्खं घर दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत.

फणसाचे गरे (मालवण)

खायला काय घालता त्यांना? बांगडो?

खारा वारा

डिस्कोसोमा जवळजवळ काहीच खात नाही, उजेडावर जगतं. रोडॅक्टिस आणि रिकॉर्डियाला आठवड्यातून एकदा मायसिस कोळंबी, तांदळाच्या दाण्याएवढी. बांगड्याचं तेल पाण्यावर येईल. शिवाय बांगडा असला तर तो मी खाईन.

वाळवंटातला डोंबिवलीकर (शारजा)

तीन आठवड्यांनी हजर. डबा एकदाच उघडला, आज सकाळी. (खोटं. तीनदा.)

पोटातले दोरे दुसऱ्या दिवशीच आत गेले होते. फाटलेलं भरलंय, रंग आणल्यापेक्षा गडद. रिकाम्या चकतीवर खसखशीएवढा हिरवा ठिपका दिसतोय. बायको म्हणते शेवाळ, मी म्हणतो नातू.

आणि मुख्य बातमी: चिकटला! एवढा घट्ट की चमच्याने ढकलून हलत नाही. फक्त मी निवडून ठेवलेल्या सात दगडांपैकी एकालाही नाही. श्रीखंडाच्या डब्याच्या भिंतीला, आतून, 'केशर वेलची' लिहिलंय बरोबर त्याच्या मागे.

खारा वारा

अभिनंदन! खरवडू नका. त्याच्याभोवतीचं प्लास्टिक कात्रीने कापा आणि तो तुकडा सुपरग्लूने दगडाला लावा. मांसापेक्षा प्लास्टिकला गोंद बरा धरतो. चार-सहा महिन्यांत पसरून अक्षरं झाकेल.

वाळवंटातला डोंबिवलीकर

कापला. 'केश' इकडे राहिलं, 'र वेलची' कचऱ्यात. फोटो रात्री टाकतो, पांढऱ्या दिव्यातला.